एका चांदणीचा पिक्चर

मित्रांनो, मी एक फळा आहे. शाळेतला नव्हे, जामखेडच्या एका टॉकीजच्या दाराबाहेरचा. आत पडद्यावर काय चालतं ते मी एकदाही पाहिलेलं नाही. तरी नऊ वर्षं आत लागलेल्या प्रत्येक पिक्चरविषयी माझ्याच अंगावर लिहिलं गेलं, आणि लोकांनी ते खरं मानलं. ज्याने काहीच पाहिलं नाही त्याच्या तोंडाकडे बघून लोक आत जायचं की घरी जायचं ते ठरवत होते. याचा मला आता फार राग येतो. पण फळ्याच्या रागाला कोण विचारतो? म्हणून तुम्हाला सांगतो.

मी मूळचा कडुनिंब. बीड रस्त्याच्या कडेला उभा होतो. रस्ता रुंद करायला निघाले तेव्हा मला पाडलं. सुताराने माझ्या चार फळ्या जोडल्या, मागे दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि मला एका शाळेसाठी तयार केलं. पण मी पोहोचायच्या आतच त्या शाळेला सरकारी फळा मिळाला. मग वर्षभर मी सुताराच्या पडवीत पडून होतो. कोंबड्या माझ्या आडोशाला अंडी घालत. १९९० साली टॉकीजचे मालक आप्पासाहेब खुर्च्या दुरुस्तीला घेऊन आले, त्यांची नजर माझ्यावर पडली, आणि परत जाताना खुर्च्यांबरोबर मीही टेम्पोत चढलो.

मला काळा केला तो सहादूने. त्याने जुने सेल फोडून आतली काळी पूड काढली, घेवड्याच्या पाल्याच्या रसात ती खलली आणि तीन दिवस रोज एक हात दिला. सहादू साळवे टॉकीजचा दरवान होता. दारात उभं राहून तिकिटं फाडायची, उशिरा आलेल्यांना बॅटरी दाखवून जागेवर बसवायचं आणि माझ्यावर लिहायचं, अशी त्याची तीन कामं. त्यातलं तिसरं त्याला जास्त आवडायचं. त्याच्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवरची अक्षरं त्याचीच होती, आणि जयंती जवळ आली की आजूबाजूच्या गावांतून त्याला बोलावणी येत. त्याला आधी रेघ आखावी लागत नसे. माझ्या उभ्या आयुष्यात एकही ओळ तिरकी गेली नाही. शाळेतले मास्तर मुलांना सांगायचे, अक्षर काढा तर टॉकीजच्या फळ्यासारखं काढा. मित्रांनो, ते दिवस माझ्या कौतुकाचे होते.

तेव्हा माझ्यावर फक्त पिक्चरचं नाव आणि खेळांच्या वेळा असत. बाकीचं माझ्यापुढे उभे राहिलेले लोक बोलत. पिक्चरवर बोलायला कुणाला काही लागत नाही, हे मी तिथे शिकलो. एक कापडवाले गृहस्थ होते. ते कधीच आत गेले नाहीत. पोस्टर बघायचे आणि दम नाही म्हणून सांगायचे, आणि त्यांच्या दुकानात आलेली दहा माणसं तेच दहा घरांत नेत. एक तलाठी मध्यंतरात उठून जायचा आणि शेवट चुकलाय असं सगळ्यांना पटवून द्यायचा. एक जण थंड हवा लागते म्हणून उन्हाळ्यात आत येऊन झोपायचा आणि बाहेर आल्यावर पिक्चर कंटाळवाणा आहे म्हणायचा. मला ओरडून सांगावंसं वाटे की अरे, तू घोरत होतास, सहादूने तुला दोनदा हलवलं. पण माझ्या अंगावर दुसऱ्याने लिहिल्याशिवाय मला बोलता येत नाही. माझा जन्मच तसा.

या सगळ्यांत एक माणूस निराळं होतं. झुंबरबाई. ती माझ्या खालीच टोपलं घेऊन बसायची आणि शेंगदाणे, फुटाणे विकायची. शुक्रवारी नवा पिक्चर लागला की तीनच्या खेळाला ती टोपल्यावर फडकं टाकायची आणि आत जाऊन शेवटच्या रांगेमागे भुईवर बसायची. पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत ती उठत नसे. सहा वाजता बाहेर आली की बायका तिला विचारायच्या आणि ती सांगायची. चांगला, वाईट असं ती म्हणत नसे. काय घडलं आणि तिला काय झालं, एवढंच ती बोलायची.

एकदा सहादूने गंमत म्हणून तिचं बोलणं वेळांच्या खाली लिहिलं. लोक थांबून वाचू लागले, तेव्हा आप्पासाहेब म्हणाले, राहू दे. मग दर शुक्रवारी संध्याकाळी माझ्या तळाला एक ओळ येऊ लागली. ‘झुंबरबाई सांगतात : गाणी ऐका, मधलं भांडण सोडा.’ ‘झुंबरबाई सांगतात : सासू-सुनांनी एकत्र येऊ नये.’ एकदा तर, ‘झुंबरबाई सांगतात : मला कळला नाही. ज्याला कळेल त्याने मला सांगावं.’ त्यावर तिघे जण तिला समजावून सांगायला आले, आणि तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या.

ती चुकायचीही. एका पिक्चरचा हिरो रडका आहे, येऊ नका, असं तिने लिहवून घेतलं. तो पिक्चर तीन आठवडे चालला. डेअरीचा एक माणूस तिच्याशी तासभर भांडला. मग ती पुन्हा आत जाऊन बसली, आणि दुसऱ्या दिवशी सहादूने लिहिलं, ‘झुंबरबाई चुकल्या.’ त्या दिवशी मला माझ्या अंगावरच्या अक्षरांचा फार अभिमान वाटला.

पण पुढे गावात केबल आली. घरोघरी टीव्हीवर पिक्चर दिसू लागले आणि टॉकीजच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. आप्पासाहेब वाईट माणूस नव्हते. ते घाबरले होते. घाबरलेल्या माणसाला कुणीतरी खात्रीचं सांगणारं हवं असतं. १९९९ साली ते सांगणारा त्यांना घरातच मिळाला. त्यांचा पुतण्या तुषार नगरला कॉम्प्युटर शिकत होता. तिथल्या क्लासमध्ये नुकतंच इंटरनेट आलं होतं. त्याने काकांना सांगितलं की जगभरचे लोक इंटरनेटवर पिक्चरला गुण देतात, दहापैकी. कुठला पिक्चर बघण्यासारखा आहे ते तिथे आधीच कळतं. आप्पासाहेबांनी विचारलं, कोण देतं हे गुण? तुषार म्हणाला, सगळे.

त्या ‘सगळे’ शब्दाने आप्पासाहेबांना जिंकलं. तुषार दर गुरुवारी नगरहून येताना छापलेला कागद आणू लागला. दहापैकी गुणांचं पाच चांदण्यांत रूपांतर व्हायचं आणि सहादू पिवळ्या खडूने त्या माझ्यावर काढायचा. पहिल्या दोन पिक्चरांना चार-चार चांदण्या होत्या आणि दोन्ही पिक्चर भरून चालले. ते तसेही चालले असते, त्यांची गाणी गल्लीतल्या प्रत्येक टपरीवर वाजत होती. पण आप्पासाहेबांना वाटलं, चांदण्या खऱ्या ठरल्या. त्यांनी झुंबरबाईची ओळ बंद केली. म्हणाले, फळ्यावर जागा नाही.

जागा होती मित्रांनो. मी फळा आहे, मला माझी जागा माहीत आहे.

लोकही बदलले. पूर्वी ते माझ्यापुढे उभे राहून वाद घालायचे. आता नुसतं मोजायचे. दोन म्हटलं की तोंड वाकडं करून निघायचे. झुंबरबाईशी भांडता येत होतं. चांदणीशी भांडायचं कसं? ती कुणाची, कुठे बसते, तिने कुठल्या खेळाला पिक्चर पाहिला, काही ठाऊक नाही.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी एक मराठी पिक्चर लागला. त्याचं नाव मी सांगत नाही, त्या नावानेच सगळा घात केला. ऊसतोड कामगारांवरचा पिक्चर होता. मोठा नट कुणी नव्हता. तुषारच्या कागदावर त्याला दहापैकी दोन गुण होते. सहादूने एक चांदणी भरली आणि चार रिकाम्या ठेवल्या.

त्या दिवशी तीनच्या खेळाला झुंबरबाई सवयीने आत गेली. गर्दी नव्हती म्हणून सहादूही दार लोटून मागे उभा राहिला. सहा वाजता दोघं बाहेर आली. मग झुंबरबाई म्हणाली, “आपली मानसं हायेत रं त्यात. नाटक न्हाई. खरीच ऊस तोडत्यात.” सहादूने मान हलवली. खडू त्याच्या हातात होता. एक ओळ लिहायची होती, आणि त्याने लिहिली नाही. आप्पासाहेबांनी नको म्हटलं होतं, आणि त्यालाही वाटलं असेल की सगळ्या जगापुढे आपण दोघं कोण.

शनिवार हा बाजाराचा दिवस. खेड्यांवरून माणसं आली, माझ्यापुढे थांबली, एक चांदणी बघून पुढे गेली. ‘फालतू हाय म्हनं,’ असं एक जण दुसऱ्याला सांगताना मी ऐकलं. दोघांपैकी एकानेही तो पाहिला नव्हता. दुपारच्या खेळाला चौदा तिकिटं गेली. आप्पासाहेबांनी पिक्चर उतरवला आणि गोदामातला एक जुना मारामारीचा पिक्चर लावला. रविवारी सकाळच्या एसटीने रिळांची पेटी परत गेली.

रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला एक बाई आली. तिशीच्या आतली, अंगावर धुऊन विटलेलं हिरवं लुगडं, हाताला चारेक वर्षांची मुलगी. वाचता येत नव्हतं म्हणून ती माझ्याकडे न बघता झुंबरबाईकडे गेली.

“मावशी, उसाचा पिच्चर ह्योच का?”

“उसाचा गेला, पोरी. कालच काढला.”

“मुकादम तर म्हनला शुक्रवारी लागलाय. एवढ्यात जातो का?”

“लोक आले न्हाईत.”

“का न्हाई आले?”

 झुंबरबाईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सहादू तिथेच मारामारीच्या पिक्चरच्या चांदण्या काढत होता. त्याने खडूचा हात खिशात घातला.

तिचं नाव चांगुणा. बालाघाटाच्या पायथ्याच्या एका खेड्यातून जीपने आली होती. झुंबरबाईने तिला टोपल्याशेजारी बसवलं, मुलीच्या हातात फुटाणे दिले आणि हळूहळू तिच्याकडून सगळं काढून घेतलं. तीन वर्षांपूर्वी चांगुणा आणि तिचा नवरा वैजनाथ टोळीबरोबर राहात्याकडे ऊस तोडायला गेले होते. तिथे फडावर पिक्चरवाले आले. त्यांनी चार दिवस टोळीचं काम आपल्या यंत्रात घेतलं. वैजनाथला त्यांनी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायला लावलं होतं, पुन्हा पुन्हा. कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या पाचटाच्या झोपडीत, आल्यावर तो म्हणाला होता, आज एकच मोळी आठ वेळा भरली. पुढच्या हंगामात त्याला कावीळ झाली आणि तो गेला. मुलगी शुभांगी तेव्हा दीड वर्षाची होती.

त्याचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला आणला नव्हता. मतदानाच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला माणसं गावात आली, तेव्हा तो ऊस तोडायला गेलेला. शुक्रवारी टोळीचा मुकादम बियाणं न्यायला जामखेडला आला, वेळ होता म्हणून पिक्चरला बसला आणि पडद्यावर त्याला वैजनाथ दिसला. शनिवारी संध्याकाळी तो मुद्दाम तिच्या घरी सांगायला गेला.

“ही विचारती, आबा कसा हुता,” चांगुणा म्हणाली. “काय सांगू? उंच हुता म्हनते. मग ती म्हनती, बाभळीएवढा?”

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या अंगावर मारामारीच्या पिक्चरच्या अडीच चांदण्या होत्या. त्या मला चटक्यासारख्या लागल्या.

सहादू एसटी स्टँडवर गेला. पेटी सकाळच्या नगर गाडीने गेल्याचं त्याला कळलं. परत आला तो सरळ तुषारपुढे उभा राहिला आणि त्याने तो छापलेला कागद मागितला. सहादू सातवी शिकलेला. इंग्रजी अक्षरं त्याला एक-एक लावत जावं लागे, पण आकडे कळत. त्याने एका आकड्यावर बोट ठेवलं.

“दादा, हे साल कोनतं?”

तुषारने वाचलं. “त्र्याऐंशी.”

“आपला पिक्चर कधीचा?”

तुषारने कागद हातात घेतला आणि दोनदा वाचला. त्या कागदावरचा पिक्चर सोळा वर्षांपूर्वीचा होता, हिंदी होता आणि त्यात एका भुताची गोष्ट होती. नाव तेवढं एक. त्याला गुण देणारे ‘सगळे’ म्हणजे अकरा जण होते, तेही खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं. चार दिवस तो कागद आप्पासाहेबांच्या टेबलावर पडून होता. कुणी खालपर्यंत वाचला नव्हता.

“नाव तेच आहे ना, सहादूकाका,” तुषार हळू आवाजात म्हणाला.

“नाव माझं सहादू हाय आन् माझ्या आज्याचं बी सहादूच हुतं,” सहादू म्हणाला. “तो मेला म्हनून माझी तिरडी बांधायची का?”

सहादू मालकाच्या घरच्यांशी असं कधी बोलला नव्हता. आप्पासाहेब आतून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मुद्दाम कुणी केलं नाही, असं ते म्हणाले. ते खरंच होतं आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मुद्दाम केलं असतं तर कुणाला तरी दोष देता आला असता. इथे अकरा माणसांनी एका भुताच्या पिक्चरला नावं ठेवली, कॉम्प्युटरने ती छापली, तुषारने आणली, सहादूने काढली, बाजाराने मोजली, मी दाखवली. आणि एका बाईचा नवरा एसटीत बसून गेला.

आप्पासाहेबांनी एवढं केलं की पिक्चर पाठवणाऱ्या नगरच्या माणसाला फोन लावला. पेटी येत्या शुक्रवारी राहात्याच्या एका टॉकीजला जाणार होती, पण तिथल्या मालकानेही चांदण्यांचं ऐकलं होतं. आठवड्याऐवजी तो एकच दिवस पिक्चर लावणार होता, दोन खेळ. ते गुण दुसऱ्याच पिक्चरचे आहेत, असं आप्पासाहेबांनी फोनवर परोपरीने सांगितलं. पलीकडून उत्तर आलं की असतील, पण आता सगळीकडे झालंय.

सहादू माझ्यापाशी आला. त्याने ओलं फडकं घेतलं आणि मारामारीच्या पिक्चरच्या चांदण्या पुसून टाकल्या. ह्या तरी कुणाच्या आहेत कुणास ठाऊक, असं तो म्हणाला. मग आप्पासाहेबांना त्याने शांतपणे सांगितलं की तिकिटं फाडीन, नाव लिहीन, वेळा लिहीन, चांदण्या काढणार नाही. आप्पासाहेबांनी त्याला काढून टाकलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तुषारने स्वतःच खडू घेतला आणि चांदण्या परत काढल्या. वाकड्यातिकड्या आल्या. माझ्या अंगावर पहिल्यांदाच काही तिरकं निघालं होतं.

त्या शुक्रवारी जामखेडला नवा पिक्चर लागला आणि झुंबरबाई टोपल्याजवळ नव्हती. ती चांगुणाला आणि शुभांगीला घेऊन पहाटेच्या गाडीने राहात्याला गेली होती. टॉकीजला आल्यापासून तिचा एकही शुक्रवार चुकला नव्हता. बायका येऊन रिकाम्या जागेकडे बघून जात होत्या.

राहात्याला काय झालं ते तिने शनिवारी माझ्याखाली बसून सहादूला सांगितलं, ते मी ऐकलं. बाराच्या खेळाला नऊ माणसं होती. चांगुणा पदर तोंडाशी धरून बसली होती. वैजनाथ कधी येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. बराच वेळ दुसऱ्याच माणसांची गोष्ट चालली होती. अचानक फड आला, ट्रक आला, आणि एक माणूस मोळी घेऊन फळीवर चढू लागला. चांगुणाला आधी त्याचे पाय ओळखू आले. ती शुभांगीला म्हणाली, बघ, बघ. मुलगी म्हणाली, कोनता? चांगुणाने बोट केलं तोवर तो वर पोहोचला होता, वळून हसला होता, आणि पडद्यावर बैल आले होते.

मुलीने पाहिलंच नाही.

झुंबरबाई वर यंत्राच्या खोलीत गेली आणि तेवढंच पुन्हा दाखवा म्हणाली. यंत्र चालवणारा म्हणाला, मावशी, हा व्हीसीआर नाही. मग तिघी बाहेर आल्या, दारात बसून भाकरी खाल्ली आणि तीनच्या खेळाला पुन्हा आत गेल्या. ह्या वेळी झुंबरबाईला सगळं पाठ होतं. फड यायच्या आधी एक म्हातारी विहिरीवर भांडते, ती दिसली की तिने चांगुणाला कोपराने ढोसलं. चांगुणाने मुलीला खुर्चीवर उभं केलं आणि तिची हनुवटी धरून तोंड पडद्याकडे केलं. मोळी आली. फळी आली. माणूस वर चढला, वळला आणि हसला.

“मग?” सहादूने विचारलं.

“मग काय. पोरगी म्हनली, आबाचा एक दात तुटलाय. चांगुणा म्हनली, व्हय, तुटलेला हुता. ती ते इसरूनच गेल्ती.”

झुंबरबाई हे सांगत होती तेव्हा चांगुणा रस्त्यापलीकडे गावाकडच्या जीपची वाट बघत उभी होती. तुषार टॉकीजमधून बाहेर आला. आठवडाभर त्याचं जेवणात लक्ष नव्हतं, असं आप्पासाहेब कुणाला तरी सांगत होते. तो रस्ता ओलांडून गेला, तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने सगळे विचारतात तेच विचारलं.

“ताई, पिक्चर कसा वाटला?”

चांगुणाने त्यावर खरोखर विचार केला. पिक्चरविषयी उत्तर देण्याआधी इतका वेळ घेतलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

“बरा हाय,” ती म्हणाली. “पन मानूस लई लवकर जातो वो.”

जीप आली आणि ती गेली. दसऱ्यानंतर तिची टोळी निघणार होती, त्या वर्षी ती भावाच्या जोडीने तोडणीला जाणार होती. तुषार बराच वेळ रस्त्याच्या पलीकडेच उभा राहिला. परत आल्यावर त्याने चांगुणाचं उत्तर सहादूला सांगितलं आणि कोपऱ्यातला खडू उचलून त्याच्या हातात दिला. सहादूने माझ्या तळाला, जिथे पूर्वी झुंबरबाईची ओळ असे तिथे, आपल्या सरळ अक्षरांत लिहिलं, ‘चांगुणाबाई सांगतात : पिक्चर बरा आहे. पण माणूस फार लवकर जातो.’

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की इथे तरी सगळं नीट झालं. नाही झालं. उसाचा पिक्चर केव्हाच गेला होता. माझ्यावर नाव होतं त्या शुक्रवारी लागलेल्या दुसऱ्याच पिक्चरचं. त्या संध्याकाळी लोक आले, त्यांनी ती ओळ वाचली आणि त्यांना वाटलं की हे ह्याच पिक्चरचं मत आहे. एक जण म्हणाला, हिरो लवकर मरतो वाटतं. दुसरा म्हणाला, मग कशाला बघायचा? दोघे तिकीट न काढता परत गेले. सोमवारपर्यंत गावभर झालं होतं की त्या पिक्चरमध्ये हिरो मध्यंतराच्या आधीच मरतो. तो मरत नव्हता. झुंबरबाईने नंतर स्वतः पाहून सांगितलं.

सहादूने डोक्याला हात लावला आणि ओळ पुसली.

महिन्याभराने आप्पासाहेबांनी पत्र्याचा रंगवलेला फलक आणला. त्यावर पाच चांदण्यांचे पाच दिवे आहेत, हवे तेवढे लावायचे. मला टॉकीजच्या मागे नेऊन पाण्याच्या टाकीवर आडवा टाकला. माझा काळा रंग आता जागोजागी गेला आहे, पट्ट्यांचे खिळे गंजले आहेत. सहादू कधी पाणी प्यायला येतो, मला बाजूला सरकवतो आणि पुन्हा नीट झाकून ठेवतो. झुंबरबाईला आता फारसं कुणी विचारत नाही, तरी ती शुक्रवारी आत जाऊन बसतेच.

मुलांनो, मला रंग द्या, सावलीत ठेवा, असं मी तुमच्याकडे मागत नाही. लाकूड कधीतरी कुजायचंच. एवढंच मागतो की न पाहिलेल्या गोष्टीला नावं ठेवू नका. आणि कुणी दुसरं नावं ठेवत असेल तर त्याला विचारा, तू पाहिलंस का, कधी पाहिलंस, शेवटपर्यंत बसला होतास का. कारण आत पडद्यावर कोण आहे ते तुम्हाला बाहेरून दिसत नाही. तुमच्या एका ‘फालतू हाय म्हनं’वर तो पेटीत बंद होतो आणि सकाळच्या गाडीने निघून जातो, आणि कुणीतरी मुलीचा हात धरून दुपारी बाराला येतं.